तीन लिटर पाणी प्या म्हणे!

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. दुपारी जेवून जरा टेकलात की वाचा. टेकायला जागा असेल तर.

गेल्या महिन्यात आपल्या सांगलीत एका सभागृहात बायकांसाठी व्याख्यान होतं. विषय होता, कामाच्या ठिकाणी तन आणि मन निरोगी कसं ठेवायचं. पुण्याहून आलेल्या मॅडम होत्या. बोलल्या चांगलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दर पाऊण तासाने खुर्चीतून उठा, चार पावलं चाला. दिवसभरात तीन लिटर पाणी प्या. कॉम्प्युटरवरून नजर काढून लांब बघा. साहेबांना 'नाही' म्हणायला शिका. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या. पुढच्या रांगेतल्या बायका वहीत लिहून घेत होत्या.

आम्ही आठ-दहा जणी शेवटच्या रांगेत. सगळ्या मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या नाहीतर पूर्वी केलेल्या. त्या दिवशी बऱ्याच जणींच्या दुकानाला सुट्टी होती म्हणून आल्या. माझ्या शेजारची कानात म्हणाली, "खुर्चीतनं उठायला आधी खुर्ची तर द्या म्हणावं." तिच्या पलीकडची म्हणाली, "आणि तीन लिटर पिऊन जायचं कुठं? कृष्णेच्या घाटावर?"

आम्ही इतक्या हसलो की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. मग शेवटी "कुणाला काही प्रश्न?" असं विचारलं तेव्हा एकीनंही हात वर केला नाही. मीही नाही.

तो न विचारलेला प्रश्न महिनाभर डोक्यात घोळतोय. म्हणून ही पोस्ट.

माझं थोडं सांगते, म्हणजे कुठल्या तोंडाने बोलतेय ते कळेल. २०११ ते २०१४ अशी तीन वर्षं मी एका साडीच्या दुकानात काउंटरला होते. पुढे घरी मशीन घेतली, आता फॉल-पिको, ब्लाउज, ड्रेस अल्टर करते. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या साड्या याच दुकानांतून येतात. म्हणजे ही पोस्ट वाचून उद्या कुणी साड्यांचा गठ्ठा दुसरीकडं पाठवला तर फटका मलाच. मिस्टर म्हणाले, "लिही, पण नावं घेऊ नको." नावं घेणारच नाही. घ्यायचं कारणही नाही, कारण हे एका दुकानाचं नाहीच. बाजारात फिरताना डोळे उघडे ठेवले तर कुठल्याही गावात दिसेल. इस्लामपूर, जयसिंगपूर, कोल्हापूर, कुठंही जा.

आता दिवस कसा असतो ते सांगते.

तासगाव, आष्टा, कवठेमहांकाळकडून सकाळची एसटी धरून पोरी येतात. दहाला दुकान उघडायचं म्हणजे साडेनऊला हजर. झाडलोट, देवाला उदबत्ती, काल रात्रीच्या पडलेल्या साड्यांच्या घड्या. दहापासून रात्री नऊपर्यंत उभं. मधे वीस मिनिटं जेवण, तेही मागच्या गोडाऊनमध्ये गठ्ठ्यांवर बसून. दिवसभरात बूड टेकायची तेवढीच वेळ. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. काउंटरला टेकायचं नाही, रॅकला पाठ लावायची नाही. काम नसलं तर घातलेल्या घड्या मोडून परत घाला, पण हात हलताना दिसले पाहिजेत. लगीनसराईत आणि दिवाळीत नऊचे साडेदहा होतात. त्याचा ओव्हरटाइम? दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणि एक साडी मिळायची. साडी चांगली असायची, खोटं कशाला बोलू.

अकरा तास गुणिले सहा दिवस, छासष्ट तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास काढला होता. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. या बातम्या आपण आयटीवाल्या पोरांबद्दल वाचतो आणि हळहळतो. हळहळायलाच पाहिजे. पण छासष्ट तासवाली आपल्याला रोज साडी दाखवते आणि आपण तिला म्हणतो, "अजून जरा वरच्या रॅकमधली काढा की."

आता पाण्याचं.

मी होते त्या दुकानात बायकांसाठी संडास-बाथरूम नव्हतं. वरच्या मजल्यावर मालकांचं घर. त्यांच्या घरात जायचं तर वहिनींना विचारायचं. दिवसातून एकदा विचारता येतं. दोनदा विचारलं की वहिनी काही बोलायच्या नाहीत, पण चेहऱ्यावर दिसायचं. दुसरा पर्याय म्हणजे मागच्या कॉम्प्लेक्समधलं, त्याची किल्ली एका झेरॉक्सवाल्याकडं. त्या पोराकडं किल्ली मागायची, सगळ्या गल्लीला कळणार ही कुठं निघाली. तिसरा पर्याय, ओळखीच्या दवाखान्यात सिस्टरला सांगून जाऊन यायचं.

म्हणून आम्ही काय करायचो? सकाळी घरातून निघताना चहा घ्यायचा आणि मग जेवणाबरोबर दोन घोट. बास. हे कुणी शिकवलं नव्हतं. नवीन पोरगी आली की आठवड्यात आपोआप शिकायची. मे महिन्यात दुकानाच्या माळ्यावर पत्र्याखाली साड्या काढायला चढायचो, घामानं ब्लाउज भिजायचं आणि पाणी दोन घोट. पाळीच्या दिवसांचं तर लिहीतच नाही, बायकांना न लिहिता कळेल, आणि पुरुषांनी घरी विचारावं.

आमच्यातल्या एकीला लघवीला जळजळ सुरू झाली. लाजेनं कुणाला सांगितलं नाही. मेडिकलमधून पुडी आणून घ्यायची. शेवटी थंडी वाजून ताप भरला आणि मिरजेला ॲडमिट केलं. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं. सहा दिवस सलाईनवर. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? ती गप्प. तिची आई म्हणाली, "पितीय की घरात." कामावरचं कुणी विचारलंच नाही आणि तिनं सांगितलं नाही. सहा दिवसांचा खाडा लागला आणि पगार कापला. परत कामावर आली त्या दिवशी मी बघितलं, बाटली भरून आणलेली होती. संध्याकाळी तशीच भरलेली परत गेली.

पायांचं दुसरं. माझ्याच डाव्या पोटरीवर निळ्या शिरा उठल्या आहेत, तीन वर्षांची कमाई. मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला साध्या भाषेत समजावलं. पायातलं रक्त वर हृदयाकडं चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, पंपासारखं. चालताना पोटरी आवळते-सुटते, पंप चालू राहतो. एका जागी थांबून राहिलं की पंप बंद आणि रक्त खाली साचतं. शिरांमधल्या झडपा हळूहळू सैल पडतात, शिरा फुगतात, पाय सुजतात. मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही तर दिवसभर उभ्या असतो, बसून राहण्यापेक्षा उभं राहणं चांगलं म्हणतात ना?" ते म्हणाले, "उभं राहणं वेगळं, चालणं वेगळं. आणि बसायची सोय असून उभं राहणं वेगळं, मनाई म्हणून उभं राहणं वेगळं." शेवटचं वाक्य डॉक्टरकीचं होतं का दुसऱ्या कशाचं, मला ठरवता आलं नाही. पण लक्षात राहिलं.

इथपर्यंत तन झालं. आता मन.

मनाचं सांगणं अवघड, कारण एक्स-रे निघत नाही. एक प्रसंग सांगते, माझ्या नंतरच्या काळातला, दुसऱ्या दुकानातला. तिथं कॅमेरे बसवले. चोरीसाठी बसवले, ठीक आहे, बसवावेत. पण मालक घरून मोबाईलवर बघायचे. कामगारांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. एका दुपारी एक पोरगी, तेव्हा तिला पाचवा महिना होता, खालच्या रॅकच्या कडेवर दोन मिनिटं टेकली. रात्री ग्रुपवर कॅमेऱ्याचा फोटो आला. तिच्याभोवती लाल गोल काढलेला आणि खाली लिहिलेलं, "हे दुकान आहे की पारावरचा कट्टा?" ग्रुपमध्ये बावीस जण. पुरुष सेल्समनही. कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला.

ती माझ्याकडं ब्लाउजची मापं द्यायला आली तेव्हा तिनं फोन उघडून दाखवलं. रडली नाही. म्हणाली, "ताई, मला आता दुकानात खोकला आला तरी वर कॅमेऱ्याकडं बघावंसं वाटतं." रात्री झोप लागायची नाही तिला. झोपेत घड्या घालायची म्हणे, नवऱ्यानं सांगितलं.

आता याला काय म्हणायचं? स्ट्रेस? ॲन्झायटी? व्याख्यानातल्या मॅडमनी सांगितलं, ताण वाटला तर बोला, सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६ नंबर, फुकट आहे. खरंच आहे, २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलतात, नंबर लिहून ठेवा, ज्याला गरज आहे त्यानं जरूर फोन करावा, यात लाज नाही. पण त्या पोरीचा फोन सकाळी दुकानात आलं की गल्ल्याशेजारच्या डब्यात जमा व्हायचा, रात्री नऊला परत मिळायचा. आणि फोन केला असता तरी पलीकडचा माणूस तिला स्टूल पाठवू शकला नसता. तिच्या मनाच्या आजाराचं औषध पाचशे रुपयांचं प्लास्टिकचं स्टूल होतं.

हे मी चेष्टेत म्हणत नाही. मोठ्या कंपन्यांत 'वेलनेस' म्हणून योगाचा क्लास ठेवतात, तसं आपल्याकडं महिला दिनाला गुलाबाचं फूल आणि व्याख्यान असतं. दोन्हींचा सूर एकच, तुम्ही तुमचं मन खंबीर करा. दुकान आहे तसंच राहणार, तुम्ही बदला. मला हा सूरच पटत नाही. श्वासाकडं लक्ष देऊन पोटरीतल्या शिरा बसत नाहीत.

बरं, बसण्याला एवढा विरोध का, याचा मी पुष्कळ विचार केला. मालकांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "गिऱ्हाइकाचा अपमान होतो. समोर माणूस उभा आणि आपली पोरगी बसलेली, बरं दिसतं का?"

आता जुन्या लोकांनी जरा आठवून बघा. आपल्याकडं कापड दुकान म्हणजे काय होतं? गादी! पांढरीशुभ्र चादर, लोड, तक्के. शेटजी गादीवर बसलेले, मुनीमजी गादीवर, गुमास्ता गादीवर मांडी घालून फडाफड साड्या उलगडतोय. आणि गिऱ्हाईकही चपला काढून गादीच्या कडेला बसलेलं. लग्नाचा बस्ता बांधायला पंधरा माणसं यायची, चार तास सगळी गादीवर, चहा तिथंच. कुणाचा अपमान झाला? अजूनही काही जुन्या दुकानांत बस्त्याची गादी आहे आणि तिथं बसून दाखवणारा पुरुष सेल्समन आहे. मग काचेचे शोरूम आले, काउंटर आले, एसी आले, आणि पगार कमी म्हणून काउंटरमागं बायका आल्या. गादी गेली आणि बसणं गेलं. म्हणजे बसून माल विकणं ही आपली परंपरा आहे आणि उभं ठेवणं हीच नवी फॅशन आहे. परंपरेचा अभिमान असणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

कायद्याचं बघू. मी वकील नाही, पण दोन-तीन ठिकाणी विचारून, वाचून घेतलंय.

इंग्लंडमध्ये १८९९ साली कायदा झाला, दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागं निदान एक बसायची जागा पाहिजे. सव्वाशे वर्षं झाली. आपल्याकडं १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वं कलम होतं, उभं राहून काम करावं लागणाऱ्या कामगारांना, कामात उसंत मिळेल तेव्हा विश्रांती घेता यावी म्हणून बसायची सोय हवी. म्हणजे कुपवाड एमआयडीसीतल्या कामगाराला जे कागदावर ७५ वर्षांपूर्वी मिळालं ते मारुती रोडच्या पोरीला नाही, कारण ती कारखान्यात नाही, दुकानात आहे.

केरळनं हे बदललं. कोझिकोडमध्ये मिठाई गल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या बायकांनी आधी संडासासाठी आणि मग बसण्यासाठी संघटना उभी केली, 'पेणकूट्ट' नावाची. पुढाकार घेणाऱ्या पी. विजी स्वतः शिवणकाम करणाऱ्या. (हे वाचून मला माझ्या मशीनकडं बघून जरा बरं वाटलं, कबूल करते.) थ्रिशूरला एका मोठ्या साडी दुकानातल्या बायकांनी २०१४-१५ मध्ये बसण्याच्या हक्कासाठी संप केला, दुकानासमोर कित्येक आठवडे बसून राहिल्या. २०१८ मध्ये केरळ सरकारनं दुकान कायद्यात बदल केला आणि बसायची सोय सक्तीची झाली. २०२१ मध्ये तामिळनाडूनं तेच केलं. दोन्हीकडं दुकानं बंद पडली नाहीत. केरळातले सोनेवाले आता आपल्या महाराष्ट्रात येऊन शोरूम उघडतायत, म्हणजे धंदा बरा चाललाय.

आणि आपलं? केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत उभं राहून काम करणाऱ्या सगळ्यांसाठी बसायची सोय करावी असं लिहिलंय आणि ते कारखान्यापुरतं नाही, दहा किंवा जास्त कामगार असलेल्या व्यापार-धंद्यालाही आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं दुकान कायद्यात उलट दिशेचे बदल मंजूर केले. रोजचे कामाचे तास ९ वरून १०. तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी हा कायदा १० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना होता, तो आता २० किंवा जास्तवाल्यांना. विसाच्या आतल्यांनी नुसती सरकारला माहिती कळवायची.

आता सांगा, आपल्या बाजारात वीस कामगारांची दुकानं किती? बोटं मोजा, दोन्ही हातांची लागणार नाहीत. आम्ही होतो तिथं प्रत्यक्षात चौदा जण होतो, कागदावर नऊ. त्यामुळं बायकांचा संडास, प्यायचं पाणी, जेवणाची सुट्टी या सगळ्यांसाठी राज्याच्या ज्या कायद्याकडं बोट दाखवायचं, तो बहुतेक पोरींच्या डोक्यावरून निघून गेला. यावर कुठल्या पक्षानं मोर्चा काढलेला मी तरी आपल्या गावात बघितला नाही. सत्तेतल्यांनीही नाही, विरोधातल्यांनीही नाही.

त्याच २०१७ च्या दुकान कायद्यात एक तरतूद मात्र मला फार शहाणपणाची वाटते. जागा अपुरी असेल तर चार-पाच दुकानदारांनी मिळून एकत्र स्वच्छतागृह केलं तरी चालेल, असं त्यात आहे. किती सोपं! हरभट रोडच्या एकेका गल्लीत तीस दुकानं. मिळून दोन बाथरूम, एक मावशी साफसफाईला, दुकानामागं महिन्याला शे-दोनशे रुपये. गणपतीच्या वर्गणीला यापेक्षा जास्त देतात सगळे.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. तीन वर्षं मीही गल्ल्याशेजारी उभी होते, ऐकत होते. भाडं, बँकेचं व्याज, ऑनलाइननं मोडलेला धंदा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा याच रस्त्यांवरून बोटी फिरल्या आणि लाखांचा माल चिखलात गेला. २०२१ ला परत तेच. त्या पुरातनं उभी राहिलेली माणसं आहेत ही, त्यांना मी खलनायक करणार नाही. माझ्या जुन्या मालकांनी माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनला वीस हजार उचल दिली होती, पुढं तीन महिने कापलीसुद्धा नाही. माणूस वाईट नव्हता. पण २०१९ ला पाणी चढायला लागलं त्या रात्री माल वरच्या मजल्यावर कुणी चढवला? याच पोरींनी. स्वतःच्या घरात पाणी येतंय का हे बघायला न जाता गठ्ठे डोक्यावर घेऊन चढल्या. तेव्हा मालक स्वतःहून म्हणाले होते, "तुम्ही नसता तर मी संपलो असतो." मग त्याच पोरींना दोन फुटांचं स्टूल द्यायला जागा नाही म्हणणं मला झेपत नाही. चांगला माणूस आणि वाईट पद्धत एकाच दुकानात राहू शकतात. भांडण पद्धतीशी आहे.

आणि गिऱ्हाइकांनी हात वर करू नयेत. मी धरून. पोरगी बसलेली दिसली की "दुकानात लक्षच नाही कुणाचं" असं मालकाला ऐकू जाईल असं बोलणारी आपणच. रात्री पावणेनऊला शिरून "नुसत्या बघायच्या आहेत" म्हणून चाळीस साड्या उलगडायला लावणारी आपणच. तिची शेवटची एसटी सव्वानऊची असते. ती चुकली तर वडापनं जायचं, अंधारात फाट्यावर उतरायचं, नवरा नाहीतर भाऊ घ्यायला येईपर्यंत थांबायचं. मला हे माहीत असूनही मी मागच्या दिवाळीत पोरीच्या ड्रेससाठी रात्री नऊला दुकानात होते. काउंटरवरच्या पोरीनं एकदाच घड्याळाकडं बघितलं. मला कळलं, तरी मी अजून दोन ड्रेस काढायला लावले.

आता थोडं बरं सांगते. जूनमध्ये एका दुकानदारांनी, वय फार नाही, तिशीतला पोरगा, बापाकडून दुकान घेतलंय, त्यानं काउंटरमागं सहा उंच स्टुलं ठेवली. उंच म्हणजे बसलं तरी गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर मिळते, साडी दाखवायला उठायची गरज पडत नाही. मी फॉलचे दोरे आणायला गेले होते, विचारलं, का रे बाबा हे? म्हणाला, "काकू, पोरी संध्याकाळी सातनंतर चिडचिड करायच्या, गिऱ्हाईक तुटायचं. आता सातनंतर विक्री नीट होते." त्याला दया नाही आली, त्यानं हिशोब केला. मला चालतंय. दया आली काय आणि हिशोब केला काय, स्टूल तेच.

त्याच्या शेजारच्या दुकानदारांनी त्याला टोमणा मारला, "काय शेट, पोरींना सिंहासन दिलंस?" तो म्हणाला, "व्हय, तुमच्यातल्या पोरी कामाला जागा आहे का विचारून गेल्या परवा." टोमणा मारणारे गप्प.

बाथरूमचं मात्र अजून तसंच आहे त्याच्याकडंही. जागा नाही म्हणतो, आणि त्याच्या बाबतीत ते खरं आहे.

म्हणून आम्ही पाच-सहा जणींनी एक अर्ज लिहिलाय. बाजारातल्या तीन गल्ल्यांत मिळून बायकांसाठी दोन ठिकाणी स्वच्छतागृह, दुकानदारांनी वर्गणी काढून किंवा महापालिकेनं जागा देऊन, जे होईल ते. आणि व्यापारी मंडळींना विनंती, काउंटरमागं दर तिघींमागं एक स्टूल. इंग्लंडच्या १८९९ च्या हिशोबानं, जास्त मागितलं नाही. भाषा नम्र आहे, एका निवृत्त गुरुजींनी तपासून दिलीय. सह्या घेतोय. दुकानात काम करणाऱ्या पोरींच्या सह्या आम्ही मुद्दाम घेतलेल्या नाहीत, त्यांच्या कामावर येऊ नये म्हणून. सह्या पाहिजेत त्या गिऱ्हाइकांच्या. तुमच्या.

आतापर्यंत ११३ झाल्यात. अर्ज माझ्या शिलाईच्या दुकानात मशीनशेजारी ठेवलाय, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात कधीही या. कॉमेंटमध्ये "छान लिहिलंय ताई" लिहून जाऊ नका, येऊन सही करा. येताना साडी आणलीत तर फॉलही लावून देईन.

आणि हो, बसायला खुर्ची आहे माझ्याकडं. पाणीही आहे. बाथरूम मागच्या दारानं, किल्ली मागायची गरज नाही.